पुढचं शीड गुंडाळत नाही

९ मार्च

होडीची ही वही ह्यांची. सप्टेंबरपर्यंत पानोपानी ह्यांचं बारीक अक्षर आहे. वारा किती होता, कुठली दोरी बदलली, कुठे तेल घातलं. मग कोरी पानं. आज पहिल्या कोऱ्या पानावर मी लिहायला बसले आहे, कारण पाच महिन्यांनी आज पहिल्यांदा होडीवर गेले आणि पुढचं शीड उघडून बघितलं. उघडलं छान. परत गुंडाळेना.

पुढे गोंधळ नको म्हणून नीट लिहून ठेवते. डोलकाठीच्या शेंड्यापासून होडीच्या पुढच्या टोकापर्यंत एक जाड तार येते. तीच डोलकाठीला पुढून धरून ठेवते. त्या तारेवर ॲल्युमिनियमची लांब नळी चढवलेली आहे आणि नळीच्या खाचेत शिडाची कड बसते. खाली एक ड्रम, वर एक फिरकी, तिला खालून शिडाचं टोक आणि वरून शीड चढवायची दोरी. मागे बसून ड्रमची दोरी ओढली की नळी गोल फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. मी जन्मभर पडदे शिवले, मला हे यंत्र पहिल्या दिवशीच कळलं होतं. हे हसून म्हणाले होते, "तुझा पडदा आणि माझी लिफ्ट यांचं लग्न लागलंय." हे लिफ्ट दुरुस्त करायचे, चौतीस वर्षं.

आज चार वेढे बसले आणि दोरी दगडासारखी घट्ट. शेवटी शीड खाली उतरवून घडी घातली आणि घरी आले.

१० मार्च

जेवताना ह्यांना सांगितलं, की शीड अडतंय. सांगायला नको होतं बहुतेक. घास तोंडातच धरून बसले. दुपारभर ओठ हलत होते, कपाळावर घाम. चहाच्या वेळी मी मानेखाली उशी लावत होते आणि ह्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली आणि म्हणाले, "वर."

पाच महिन्यांतला पहिला शब्द! ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली तेव्हापासून नुसते आवाज होते. मी कप तसाच ठेवला. "वर? वर काय हो?" त्यांनी बोट छताकडे केलं. "वर."

सासूबाई जायच्या आधी आठ दिवस हेच म्हणत होत्या. मला वर बोलावलंय, मला वर बोलावलंय.

मी म्हटलं, "असं अभद्र बोलू नका."

पुन्हा म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

१२ मार्च

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होतं, एखादा शब्द घशात अडकून बसतो आणि पेशंट सगळ्याला तोच वापरतो. त्यामागे अर्थ असेलच असं नाही. ऐकून मला जरा हलकं वाटलं.

भाऊजी, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, संध्याकाळी आले. ते म्हणाले, "वहिनी, आयुष्यभर दादाने लोकांना वर पोचवलं. तोच शब्द उरला असणार." आम्ही दोघं हसलो. हे हसले नाहीत. आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिले.

डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल, नंतर फार आशा धरू नका. सहा महिने चौदा एप्रिलला होतात. तारीख मी कॅलेंडरवर लिहिलेली नाही, पण रोज तिकडे बघते.

१५ मार्च

मी ठरवलं आहे. चौदा एप्रिलच्या आत ह्यांना एकदा पाण्यावर न्यायचं. इथे खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि तिच्यावरचा पाण्याचा पाइप. त्याच्याकडे बघून कुणाची जीभ सुटणार? होडीवर ह्यांचं तोंड बंद नसायचं. भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "होडी विका, वहिनी. तिच्यात जीव अडकवून बसू नका." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं, सुकाणू मी धरीन. पण आधी ते शीड नीट करा. अर्धवट उघड्या शिडानिशी मी बाहेर पडणार नाही."

तेव्हा शीड नीट करायचं. मी.

१८ मार्च

ड्रम गोड्या पाण्याने धुतला. तीन बादल्या. आतून मीठ निघालं, पांढरं, पिठासारखं. मला वाटलं सापडलं! दोरीही बदलली, जुनी एका ठिकाणी केसाळ झाली होती. दोरी मागे आणणाऱ्या कप्प्या एकेक करून फिरवून बघितल्या, सगळ्या फिरतात.

शीड चढवलं. गुंडाळलं. पाच वेढे. मग घट्ट.

२० मार्च

शीड उतरवून नुसता ड्रम हाताने फिरवला. लोण्यासारखा फिरला. शीड चढवलं की अडतो. म्हणजे ओझं आलं की आतल्या बेअरिंगच्या गोळ्या अडत असणार. ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतून ग्रीस काढलं आणि बोटाने भरलं.

पेटीत दोरीचा एक विणलेला तुकडा मिळाला, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, दोन्ही टोकांना फास. विणकाम नवं आणि इतकं सुबक की ठेवून देववेना. घरी आणला आणि पलंगाच्या कठड्याला बांधला. त्यात हात घालून ह्यांना स्वतःला उठून बसता येईल.

२१ मार्च

दोरीचा तुकडा ह्यांनी ओळखला. मी बांधला तर बघतच राहिले, मग गाठ सोडायला लागले. एका हाताने सुटली नाही. मी सोडून दिली. तो तुकडा हातात धरून माझ्यासमोर उंच केला. "वर." मी म्हटलं, हो हो, उठायचंय ना, आणि काखेत हात घालून बसवलं. त्यांनी तुकडा जमिनीवर टाकला. मी उचलून परत बांधला. पुन्हा सोडायची खटपट, पुन्हा "वर", पुन्हा मी बसवलं. तिसऱ्यांदा त्यांनी तो माझ्या अंगावर फेकला.

मीही माणूसच आहे. म्हटलं, "पुरे झालं आता! तो शब्द पुन्हा काढायचा नाही. ऐकलंत?"

भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तुकडा कठड्याला बांधून ठेवला आहे, आज ना उद्या सवय होईल.

२६ मार्च

पाच दिवस एक शब्द नाही. बाईंनी चित्रं दाखवली, घड्याळ, चमचा, गाय. तोंड उघडत नाहीत. बाई वहीत काहीतरी लिहून घेत होत्या. मी विचारलं नाही काय लिहिलं.

मीच शब्द नको म्हणत होते, आता तोही गेला. कुणाला सांगू?

३० मार्च

भाऊजी होडीवर आले होते. म्हणाले, शीड ढिलं बसलंय, वर नीट ताणलं जात नाही, म्हणून नळीभोवती घोळतंय. चढवायची दोरी विंचला, म्हणजे हॅन्डलने फिरवून दोरी ताणायच्या चाकाला, लावून त्यांनी कचकचून ताणली. वर मला शेंडा नीट दिसत नाही, उन्हात डोळे मिटतात. पण शीड सरळ दिसायला लागलं खरं. त्याची वरची शिवणही छान दिसत होती. गेल्या सप्टेंबरात वरचं टोक फाटलं होतं, ते हातभर कापून मीच नव्याने शिवलं. तीन पदर, दुहेरी टाके. हे म्हणाले होते, "टाके मशीनपेक्षा तुझेच बरे. लांबीचं मी बघतो." ते बघायचं राहूनच गेलं असेल, पण शीड हातभर आखूड झाल्याने काय बिघडतं?

वारा नव्हता. सात वेढे बसले. भाऊजी म्हणाले, "झालं की."

२ एप्रिल

धक्क्यावर होड्यांच्या तारा आणि डोलकाठ्यांचं काम करणारा एकच माणूस आहे, सगळे त्याला तारवाला म्हणतात. तो दुसऱ्या बंदरात कामाला गेला आहे, दहा तारखेला येणार. फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, एक गोष्ट लक्षात ठेवा. हाताने ओढून फिरत नसेल तर दोरी विंचला लावायची नाही. मशीनच्या जोराला कळत नाही काय मोडतंय. मी येईपर्यंत थांबा."

दहाला येणार, मग बघणार, मग सामान मागवणार. चौदा तारीख थांबते का? आणि भाऊजींना सहा तारखेचा रविवारच मोकळा आहे.

४ एप्रिल

ह्यांना सांगितलं, रविवारी होडीवर जायचंय. डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचंच असणार.

६ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी दहाला निघालो. ह्यांना खुर्चीतून उचलायला धक्क्याचा रखवालदार आला. मागच्या बाकावर उशांमध्ये बसवलं, जॅकेट घातलं, पट्ट्याने बांधलं. मोटरवर बाहेर पडलो. शीड उघडलं. ह्यांच्या तोंडावर वारा लागला आणि त्यांनी मान वर करून डोलकाठीकडे बघितलं, आणि बघतच राहिले. मी म्हटलं, बघा भाऊजी, किती खूष आहेत.

तासाभराने वारा वाढला. भाऊजी म्हणाले, शीड निम्मं करू. मी दोरी ओढली. तीन वेढे, घट्ट. दोघांनी मिळून ओढली, हलेना. होडी कलायला लागली होती. भाऊजींनी दोरी विंचला गुंडाळली.

मी म्हटलं, "तारवाला नको म्हणाला होता."

"मग काय करू, वहिनी? बोला!"

मी दोरीवरून हात काढला. त्यांनी हॅन्डल घातलं.

तेव्हा हे ओरडले. "वर! वर! वर!" पट्टा ओढत, डावा हात वर करून, मानेच्या शिरा फुगलेल्या. मला वाटलं घाबरले. मरणाच्या भीतीने ओरडतात असं वाटलं. मी त्यांच्यावर वाकले, "काही होत नाही, मी आहे ना," म्हटलं, आणि तरी थांबेनात तेव्हा त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

हात ठेवला मी. तळव्याखाली ते तोच शब्द म्हणत होते.

भाऊजींनी दोन्ही हातांनी हॅन्डल फिरवलं. एक वेढा. दुसरा. मग डोक्यावर जाड कापड एका झटक्यात उभं फाटावं तसा आवाज झाला, पण शंभर पट मोठा. तार शेंड्याशी तुटली होती. डोलकाठी मागे झुकली आणि डावीकडे पाण्यात गेली. तिच्या खालची आडवी काठी बाकावर आली. माझ्या पाठीला घासून ह्यांच्या डाव्या खांद्यावर.

भाऊजींनी दोऱ्या कापल्या, तारा सोडवल्या, डोलकाठी समुद्रात सोडून दिली. मोटरवर परत आलो.

गळ्याचं हाड मोडलं आहे. डावीकडचं. चालणारा हात तो एकच होता.

८ एप्रिल

सहा आठवडे हात झोळीत. चमचा धरता येत नाही, कूस बदलता येत नाही, नाकावर माशी बसली तर हाकलता येत नाही. मी घास देते, ते गिळतात. माझ्याकडे बघत नाहीत.

भाऊजी बाहेरच्या खोलीत बसून रडले. म्हणाले, "मी फिरवलं ते हॅन्डल." मी त्यांना पाणी दिलं. मी काय केलं ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी बघितलं नव्हतं, त्यांची पाठ होती.

११ एप्रिल

तारवाला आला. होडी बघितली आणि मग घरी आला, हातात वरची फिरकी घेऊन. नळीचा वरचा तुकडा, फिरकी आणि शीड पाण्यातून एका मच्छीमाराने आणून दिलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने ते मांडलं.

"ड्रमला काही झालेलं नाही, काकू," तो म्हणाला. "ड्रम तुम्ही नव्यासारखा ठेवलाय. रोग वर होता."

मी म्हटलं, "कुठे?"

"वर. शेंड्याला. हे बघा." फिरकीतून निघालेली चढवायची दोरी त्याने मला दाखवली. तिला पीळ बसला होता, पिळलेल्या फडक्यासारखा. "ही दोरी तारेपासून जरा लांब राहायला हवी. फिरकी जितकी शेंड्याजवळ, तितकी ती लांब राहते. तुमची फिरकी हातभर खाली होती, म्हणून दोरी तारेला चिकटून चालली होती. नळी फिरली की दोरी तारेवर गुंडाळायची आणि सगळं अडायचं. दर वेळी तारेला पीळ पडत गेला. आतून एकेक पेड तुटत आला असणार, नळीत असल्यामुळे दिसला नाही. ती कचकचून ताणली कुणी?"

मी ती पिळलेली दोरी हातात घेतली. विचारलं, "हातभर खाली का होती?"

"शीड आखूड आहे ना. मूळ मापाचं नाही हे. वरचं टोक कुणीतरी कापून शिवलंय. शिवण फार सुरेख आहे हं. पण शीड आखूड केलं की वर तेवढा एक तुकडा जोडतात, शीड आणि फिरकीच्या मध्ये. म्हणजे फिरकी आपल्या जागी जाते. हातभर दोरी, दोन्ही टोकांना फास, बस. काकांनी केला नव्हता का? ते असं विसरणाऱ्यातले नाहीत."

मी उठले. ह्यांच्या खोलीत गेले. पलंगाच्या कठड्याचा तुकडा सोडला. माझीच गाठ, पण सुटता सुटेना. टेबलावर आणून ठेवला.

तारवाल्याने तो शिडाच्या कापलेल्या टोकाशी लावून बघितला. बरोबर बसला. चहा न घेता गेला.

१२ एप्रिल

भाऊजींना फोनवर सगळं सांगितलं. ह्यांच्या तोंडावर ठेवलेला हातही सांगितला. त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाले, "वहिनी, योगायोग असेल. बाई म्हणाल्या होत्या ना, अडकलेला शब्द आहे. कशाला जिवाला लावून घेता?"

असेल योगायोग. मला तसं वाटून घ्यायचं आहे. पण दोरीचा तुकडा? शिडाची गोष्ट काढली त्याच दिवशी शब्द आला, ते? दहा मार्चचं पान उघडून बघितलं. मीच लिहिलंय सगळं, एका खाली एक.

१४ एप्रिल

सहा महिने झाले.

बाई आल्या. मी त्यांना म्हटलं, शब्द जाऊ देत, मला ह्यांना काहीतरी विचारायचंय, कसं विचारू? त्यांनी ह्यांच्या झोळीतल्या बोटांमध्ये माझी दोन बोटं ठेवली. "हो असेल तर एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा." ह्यांना विचारलं, तुम्ही बाई आहात का? दोनदा. आज पाऊस आहे का? दोनदा. ही तुमची बायको का? एकदा. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "ह्यांना सगळं कळतं, ताई. अगदी सगळं. मी मार्चमध्ये चुकले. शब्द नाही म्हणजे अर्थ नाही, असं धरून बसले."

त्या निदान म्हणाल्या तरी, चुकले म्हणून.

१५ एप्रिल

विचारलं नाही. सकाळी अंग पुसलं, दुपारी केस कापले. बोटं तिथेच होती, झोळीच्या बाहेर. तीन वेळा जवळ जाऊन बसले आणि तीन वेळा उठून काहीतरी कामाला लागले. धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

१६ एप्रिल

आज न्याहारीनंतर स्टूल ओढून बसले. माझी दोन बोटं त्यांच्या बोटांत ठेवली. आधी मी बोलले. शीड मी आखूड केलं ते, तुकडा कठड्याला बांधला ते, तारवाल्याने थांबा म्हटलं आणि मी थांबले नाही ते. सगळ्यात शेवटी, तोंडावर हात ठेवला ते. छताकडे बघत ऐकत होते.

मग विचारलं, "तुम्ही शिडाचंच सांगत होतात ना? पहिल्या दिवसापासून?"

एकदा.

"होडी आता नुसता सांगाडा आहे. भाऊजी म्हणतात, घेणारा आहे. देऊन टाकू?"

काही नाही. ना एकदा, ना दोनदा. बोटं गरम होती, नुसती पडलेली. मी पुन्हा विचारलं नाही.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, होत नव्हती, पुन्हा करत होतं. ती सुरू होऊन निघून जाईपर्यंत मी थांबले.

"माझ्यावर रागावलात?"

त्यांनी मान वळवली आणि सहा तारखेनंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. बोटं दाबली. जोरात, खांदा दुखला असेल इतकी. एकदा.

मी दुसऱ्या वेळेची वाट बघितली. दाबली नाहीत.

"बरोबर आहे," मी म्हटलं. मग पाठीखाली हात घालून, मोडकं हाड सांभाळत, त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. उताणं पडून दोन तास झाले होते, पाठीला जखम झाली असती.